जुन्या मशीनला नवं डोकं

हँडल फिरवलं की धागा ताणला जातो, आणि एका क्षणी ‘खट्’ असा आवाज होऊन मशीनचं डोकं जागच्या जागी अडकतं. टेनिस रॅकेटचं गटिंग करणाऱ्या अनेकांचे हात या आवाजावरच तयार झालेत. खटका वाजला की धागा धरून ठेवणारा क्लॅम्प लावायचा, डोकं मोकळं करून मागं न्यायचं आणि पुढचा धागा ओवायचा. आजच्या बऱ्याच रॅकेटींमध्ये १६ उभे आणि १९ आडवे धागे असतात, म्हणजे एका रॅकेटला हा खटका तीस-पस्तीस वेळा ऐकू येतो. हे क्रँकचं मशीन. क्लबाच्या कोपऱ्यात किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात मागच्या बाजूला ते वर्षानुवर्षं उभं असतं, आणि तेल-पुसणं वेळच्या वेळी झालं तर सहजासहजी बिघडत नाही.

या मशीनच्या घराण्यात एक भालाफेकपटू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बड हेल्ड हा अमेरिकन खेळाडू १९५३ साली ८० मीटरच्या पुढं भाला फेकणारा जगातला पहिला माणूस ठरला. पुढं त्यानं कॅलिफोर्नियात एक्टेलॉन ही कंपनी काढली आणि तिच्या नावाची गटिंग मशीनं अमेरिकेतल्या दुकानादुकानांत पोचली. नंतर एक्टेलॉन प्रिन्सकडं गेली आणि ‘प्रिन्स निओस १०००’ हे त्याच वळणाचं मशीन बाजारात आलं. जाड पोलादी पाया, गोल फिरणारी चौकट, पट्टीवर सरकणारे क्लॅम्प. अशी मशीनं एका मालकाकडून दुसऱ्याकडं जातात आणि तरीही रोज कामाला येतात.

त्यांची खोट एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे ताण देणाऱ्या डोक्यात. डोक्याच्या आत एक स्प्रिंग असते. बाहेरच्या नॉबवर ५५ पाउंड लावले की धागा तेवढा ताण घेताच स्प्रिंग दबते, ब्रेक पडतो आणि खटका वाजतो. त्या क्षणी धाग्यात ५५ पाउंड असतात, यात शंका नाही. पण नायलॉन असो की पॉलिएस्टर, ओढलेला धागा लगेच स्थिर होत नाही, तो थोडा-थोडा लांबत राहतो. डोकं तर अडकलेलं, दोन टोकांमधलं अंतर बदलत नाही, त्यामुळं धागा जसा सैलावेल तसा ताण उतरत जातो. खटक्यानंतर दोन सेकंदांत क्लॅम्प लावला तर एक आकडा, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलून लावला तर दुसरा. एकाच जाळीतले शेजारचे दोन धागे असे वेगवेगळ्या ताणाचे होतात, आणि मशीनचा नॉब मात्र दोघांनाही ५५ म्हणत असतो.

गंमत अशी, की सगळ्यांत स्वस्त मशीनमध्ये ही खोट नसते. वजनाचं मशीन म्हणजे एक आडवा दांडा आणि त्यावर सरकणारं लोखंडी वजन. दांडा आडवा झाला की हवा तो ताण मिळाला. धागा लांबला तर वजन आणखी थोडं खाली येतं आणि ओढ तशीच राहते. पण दांडा बरोबर आडवा यावा म्हणून प्रत्येक धाग्याला दोन-तीनदा खटाटोप करावा लागतो, आणि रांगेत दहा रॅकेटी असल्या की गटिंगवाल्याचा जीव मेटाकुटीला येतो. क्रँकनं वेग दिला आणि त्या बदल्यात ही सततची ओढ काढून घेतली.

दोन्ही गोष्टी एकत्र मिळवायचा रास्त मार्ग म्हणजे जुन्या क्रँक मशीनचं फक्त डोकं बदलणं. अमेरिकेतल्या वाइझ कंपनीचं ‘२०८६’ हे इलेक्ट्रॉनिक डोकं याच कामासाठी गटिंगवाल्यांच्या जगात नाव कमावून आहे. जुनं डोकं रुळावरून काढायचं, त्या मशीनला जुळणारा जोड बसवायचा आणि नवं डोकं त्यावर चढवायचं. पाया, चौकट, क्लॅम्प सगळं जुनंच राहतं. किंमत काही शे डॉलर, वर आपल्याकडं मागवायचं तर वाहतूक आणि सीमाशुल्क. तरीही तशा दर्जाचं नवं इलेक्ट्रॉनिक मशीन घेण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं, आणि चांगलं पोलाद भंगारात जात नाही. मला हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

अशा डोक्यावर काम चालू असताना जवळ उभं राहून बघण्यासारखं असतं. धागा जबड्यात अडकवून बटण दाबलं की मोटर जबडा मागं खेचू लागते. ताण मोजणारी यंत्रणा लावलेला आकडा गाठल्याची खूण देते आणि मोटर थांबते. पण काम तिथं संपत नाही. क्षणभर शांतता, मग एक बारीक ‘घर्र’, पुन्हा शांतता, पुन्हा त्याहून लहान ‘घर्र’. धागा लांबला म्हणून ताण उतरला, तो मोटरनं परत भरून काढला. नव्या नायलॉनवर हे आवाज जास्त वेळ ऐकू येतात. ते विरळ झाले की धागा बसला असं समजायचं आणि क्लॅम्प लावायचा. जो सैलावा क्रँकवर कुणाला दिसत नव्हता, तो आता कानानं मोजता येतो. नवशिक्याला गटिंग शिकवायचं असेल तर मी त्याला आधी हा आवाज ऐकायला बसवेन.

बसवताना खरी काळजी उंचीची आणि रेषेची घ्यावी लागते. जबडा रॅकेटच्या जाळीच्या पातळीत हवा आणि ओढ चौकटीच्या मध्यातून सरळ यायला हवी. तो वर-खाली झाला तर धागा फ्रेमच्या भोकातल्या ग्रोमेटच्या कडेवर घासतो, आणि त्या घर्षणात गेलेला ताण मोटरला कळत नाही. तिच्यापुरता आकडा बरोबरच असतो. बसवून झालं की लटकता वजनकाटा मध्ये बांधून आकडा तपासायचा. एका टोकाला धागा चौकटीत पक्का, दुसऱ्या टोकाचा जबड्यात आणि मध्ये काटा. ५० पाउंड लावल्यावर काट्यानंही ५० दाखवले पाहिजेत. किलोत बघायचं तर २२.७ च्या आसपास. हे जुन्या डोक्यालाही लागू आहे, पण क्रँकची स्प्रिंग तपासायचा कंटाळा पुष्कळ ठिकाणी दिसतो.

मोटर आली म्हणून सगळे प्रश्न सुटतात, असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. क्लॅम्पच्या दातांत धाग्यावरचा मेणचट थर साचला असेल तर क्लॅम्प निसटतो. क्लॅम्पचा पाया ढिला असेल तर धागा सोडताच क्लॅम्प रॅकेटकडं थोडा सरकतो. अशा वेळी मोटरनं काटेकोर दिलेले पाउंड त्या सरकण्यात निघून जातात. आडव्या धाग्यांचं दुखणं आणखी वेगळं. प्रत्येक आडवा धागा उभ्या धाग्यांच्या खालून-वरून जातो आणि दर ठिकाणी घासतो, म्हणून ओढ चालू असतानाच तो बोटांनी सरळ करत जावा लागतो. हे काम कुठलंही डोकं करत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा, की आधी स्पिरिटनं क्लॅम्प साफ करावेत, त्यांचे स्क्रू नीट बसवावेत, आणि त्यानंतरच मोटरचे पैसे खर्च करावेत.

आपल्याकडं विजेचा विचारही करावा लागतो. क्रँकला वीज लागत नाही. मोटरवर काम करताना वीज गेली तर तो धागा क्लॅम्पवर धरून वाट बघायची. पण उभे धागे पूर्ण आणि आडवे शून्य अशा अवस्थेत रॅकेट तासन्‌तास अडकवून ठेवणं फ्रेमला मानवत नाही. ज्या गावात वीज लहरी आहे तिथं इन्व्हर्टर हा या बदलाचाच भाग धरावा आणि जुनं डोकं जपून ठेवावं.

डोकं बदलल्यावर पहिली तक्रार येते ती नेहमीच्या गिऱ्हाइकाची. “५५च सांगितले होते, मग जाळी एवढी कडक कशी?” त्याचं म्हणणं खरं असतं. क्रँकवरच्या ५५ चे रॅकेटमध्ये कमी उरत होते, आता जास्त उरतात. म्हणून सततच्या ओढीवर आलात की आकडा पाच ते दहा टक्क्यांनी उतरवायची पद्धत आहे. कोपराचं दुखणं असलेल्या खेळाडूला हे न विसरता सांगावं. विशेषतः तो पॉलिएस्टर वापरत असेल तर. १९९७ साली गुस्तावो कुएर्तेन लक्झिलॉनच्या पॉलिएस्टर धाग्यावर फ्रेंच ओपन जिंकला, आणि त्यानंतर हा ताठ धागा व्यावसायिकांकडून हळूहळू क्लबात उतरला. तो हाताला मऊ नाही आणि त्याचा ताणही लवकर उतरतो.

एवढ्या काटेकोरपणाची खेळणाऱ्याला जाणीव तरी होते का? सिडनी विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची चाचणी घेतली, तेव्हा चांगल्या खेळाडूंपैकीही अनेकांना काही पाउंडांचा फरक ओळखता आला नाही. हा निष्कर्ष मी मानतो. पण सामन्यात प्रश्न एका रॅकेटचा नसतो. व्यावसायिक सामन्यात पहिल्यांदा सात गेमनंतर आणि पुढं दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात, आणि कित्येक खेळाडू त्याच वेळी पिशवीतून नवी रॅकेट काढतात. त्या दोन्ही रॅकेटींनी चेंडू सारखाच उडवला पाहिजे. बालेवाडीत महाराष्ट्र ओपन भरत असे तेव्हाही गरज हीच होती, आणि शनिवारी-रविवारी खेळणाऱ्याच्या दोन रॅकेटींनाही ती तितकीच लागू आहे. आज लावलेला आकडा दोन महिन्यांनीही तसाच मिळावा, यासाठी ही मोटर.

बॅडमिंटनवाल्यांनी हे लक्ष घालून वाचावं. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत घडले, त्याची रॅकेट टेनिसच्या मानानं फार नाजूक. धागा ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणि ताण २० ते ३० पाउंड. इतक्या खालच्या आकड्यांत दोन पाउंडांची चूक मोठी असते. त्यामुळं डोकं घेण्यापूर्वी ते कमी आकड्यांवरही काट्याला खरं उतरतं का, हे तपासून घ्या.

आणि रॅकेट द्यायला जाल तेव्हा गटिंगवाल्याला नुसता आकडा सांगू नका. मशीन खटक्याचं आहे की सतत ओढणारं, हे विचारा. धाग्याचं नाव, ताण, मशीनचा प्रकार आणि तारीख एका चिकटपट्टीवर लिहून ती रॅकेटच्या गळ्यात, आतल्या बाजूला लावायला सांगा. पुढच्या वेळी मशीन बदललेलं असलं तरी तुमच्या हाताला काय मानवतं हे त्या पट्टीवरून कुठल्याही गटिंगवाल्याला कळेल.