विज्ञानाच्या कपाटाची बेगमी

मैत्रिणींनो, मे सरत आला की नागावात घरोघरी पावसाळ्याची बेगमी सुरू होते. विज्ञानाच्या बाईंनाही ती करावीच लागते. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि खाऱ्या, दमट हवेत लोखंडी सामान गंजतं. लोहचुंबकांच्या जोडीचे विरुद्ध ध्रुव शेजारी येतील अशा ठेवून कोरड्या डब्यात घाला. आपटू मात्र देऊ नका, चुंबकत्व कमी होतं.

साहित्य अपुरं म्हणून प्रयोग फळ्यावरच उरकले, तर मागे बसलेल्या मुलींच्या हाती काय लागणार? घरातली सुई घ्या. तिच्यावरून चुंबक एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा फिरवा. बुचाच्या चकतीवर ठेवून ती पाण्यात सोडा. सुई दक्षिणोत्तर स्थिरावते. हळद लावलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाका, तो तांबडा होतो!

मग सांगा, सुईला वळवणारं हे पृथ्वीचं चुंबकत्व जवळच्या अलिबागला १९०४ पासून मोजतात बरं का! मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, कुलाब्याची मोजमापं बिघडणार, म्हणून ते काम इथं आणलं. इमारतीत लोखंडही टाळलं. शेजारचं हे शास्त्र मुलींना ठाऊक नको का?