पुलापलीकडची गाडी : दुसरी मोटारसायकल म्हणून क्रूझर घेताना

बंगळूर शहराच्या उत्तर अंगास, जेथे बल्लारीचा रस्ता आणि शहराला वळसा घालणारा बाह्य वर्तुळमार्ग एकमेकांस भेटतात, तेथे हेब्बाळचा उड्डाणपूल उभा आहे. शेजारी जुने तळे पसरले आहे, आणि पुलावर व पुलाखाली सकाळ-संध्याकाळ वाहनांच्या रांगा मुंगीच्या पावलाने सरकत असतात. पण हाच पूल ओलांडून उत्तरेस निघाले की देवनहळ्ळी आणि १,४७८ मीटर उंचीचा नंदीदुर्ग हाताशी येतो, आणि वर्तुळमार्गाने पश्चिमेस वळून तुमकूरचा रस्ता धरला की चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, निपाणी अशी मजल दरमजल करीत गाडी थेट कोल्हापुरास पोहोचते. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून ज्या नगरीशी मराठी माणसाचे येणे-जाणे आहे, त्या नगरीत नोकरीनिमित्त येऊन हेब्बाळ-नागवाऱ्याच्या परिसरात बिऱ्हाड केलेल्या कुटुंबांची पहिली गाडी बहुधा गावाकडूनच आणलेली एखादी स्प्लेंडर किंवा स्कूटर असते. आणि घडी बसल्यावर जेव्हा दुसऱ्या गाडीचा विचार मनात येतो, तेव्हा तो पुष्कळदा क्रूझरपाशी येऊन थांबतो.

क्रूझर म्हणजे काय, हे आधी निश्चित केले पाहिजे. बैठक सखल, दोन चाकांतील अंतर दीर्घ, पुढचा फोर्क तिरपा, हँडल चालकाकडे वळलेले, पाय ठेवण्याची जागा पुढे सरकलेली आणि इंजिन मंद गतीतही जोमाने ओढणारे, असा जिचा घाट, ती क्रूझर. आपल्याकडे २००१ साली बजाजने कावासाकीच्या सहकार्याने एलिमिनेटर आणली व २००५ साली तिच्याच वंशातून ॲव्हेंजर निघाली. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड २००२ साली आली, २०२० साली तिची जागा मिटिऑर ३५० ने घेतली, आणि २०२३ च्या आरंभी सुपर मिटिऑर ६५० विक्रीस आली. या घाटाच्या गाड्यांभोवती इतक्या समजुती जमल्या आहेत की पैसे मोजण्यापूर्वी त्यांची एकवार छाननी करणे, हे घेणाऱ्याचे स्वतःविषयीचे आणि घरच्यांविषयीचे कर्तव्यच ठरते.

गैरसमज पहिला : क्रूझर हे उंच, धिप्पाड माणसाचेच वाहन आहे.

वस्तुस्थिती आकड्यांतच स्पष्ट होते. घरोघरी असलेल्या स्प्लेंडरची बैठक जमिनीपासून ७८५ मिलिमीटर उंच, मिटिऑर ३५० ची ७६५, सुपर मिटिऑरची ७४० आणि ॲव्हेंजर २२० ची अवघी ७३७ मिलिमीटर आहे. मध्यम किंवा कमी उंचीच्या स्त्री-पुरुषांचे दोन्ही पाय जमिनीस सपाट टेकतात ते याच गाड्यांवर. विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे, ती वजनाची. स्प्लेंडरचे वजन ११२ किलो, ॲव्हेंजरचे १६३, मिटिऑरचे १९१ आणि सुपर मिटिऑरचे २४१ किलो. हे वजन सखल बसविलेले असल्याने रस्त्यावर गाडी चालू असताना जाणवत नाही. पण इमारतीच्या तळघरातील उताराच्या पार्किंगमधून ती हातांनी मागे ओढून काढताना, किंवा हेब्बाळच्या कोंडीत दर दहा पावलांस क्लच दाबताना, त्याचा हिशेब चुकता करावाच लागतो. शिवाय दोन चाकांतील अंतर स्प्लेंडरचे १,२३६ मिलिमीटर, तर सुपर मिटिऑरचे १,५०० आहे. तेव्हा अरुंद गल्लीत गाडी वळविण्यास जागा अधिक लागणार, हे गृहीत धरावे. म्हणून विक्रेत्याच्या दालनात गाडीवर बसून पाहणे पुरेसे मानू नये; इंजिन बंद ठेवून ती आपल्या हातांनी दहा पावले मागे ढकलून पाहावी, आणि मगच पसंती द्यावी.

याच्याच पोटात आणखी एक समजूत आहे, ती अशी की क्रूझरचे पोट गतिरोधकास घासणारच. सुपर मिटिऑरच्या बाबतीत ही भीती अनाठायी नाही, कारण तिच्या पोटाखाली १३५ मिलिमीटर जागा आहे. पण मिटिऑर ३५० ची तीच जागा १७० मिलिमीटर, म्हणजे स्प्लेंडरच्या १६५ पेक्षाही किंचित जास्त आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे लांबवर पसरलेला असावा, आणि असा गतिरोधक कोणतीही क्रूझर सुखाने ओलांडते; परंतु वस्त्यांतील अंतर्गत रस्त्यांवर अरुंद व टोकदार उंचवटे असतात, आणि पुढचे चाक उतरून मागचे चढण्यापूर्वीच लांब गाडीचे पोट त्यांच्या माथ्याशी येते. मागे माणूस बसला असेल तर ते आणखी खाली दबते. आपल्या दारापासून मुख्य रस्त्यापर्यंत असे उंचवटे किती, हे मोजून ठेवणे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

गैरसमज दुसरा : सीसी जितके मोठे, तितकी गाडी वेगवान.

सीसी म्हणजे सिलिंडरचे आकारमान. त्यातून काय निर्माण करायचे, हे रचनाकाराच्या हाती असते. मिटिऑरचे ३४९ सीसीचे इंजिन सुमारे २० अश्वशक्ती देते, तर जवळजवळ त्याच आकारमानाचे, ३७३ सीसीचे केटीएम ३९० ड्यूकचे इंजिन ४३ च्या घरात जात असे. यावरून मिटिऑर उणी ठरत नाही. तिचा २७ न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क) मिनिटास ४,००० फेऱ्यांवरच मिळतो, तर ड्यूकचा ३७ चा पीळ हाती यावयास ७,००० फेऱ्या गाठाव्या लागत. क्रूझरची प्रकृती शांतपणे, गिअर वारंवार न बदलता, ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगात दिवसभर चालत राहण्याची आहे. ज्याला क्षणात मुसंडी मारणे आवडते, त्याने तिच्या मागे लागून स्वतःची आणि तिची निराशा करू नये. आणखी एक व्यावहारिक बाब अशी की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आकारला जातो. तेव्हा ही रेषा ओलांडताना मिळणारे सामर्थ्य आपण खरोखर वापरणार आहोत की केवळ मिरविणार आहोत, हा प्रश्न स्वतःस विचारलाच पाहिजे.

गैरसमज तिसरा : पाय पुढे पसरून बसले म्हणजे लांबचा प्रवास आपोआप सुखाचा होतो.

पहिल्या पन्नास किलोमीटरांत हे खरे वाटते, आणि म्हणूनच हा समज इतका दृढ झाला आहे. साध्या मोटारसायकलीवर पाय शरीराच्या खाली असतात, त्यामुळे खड्डा दिसताच गुडघ्यांवर भार घेऊन किंचित उठता येते; पाय पुढे असले म्हणजे ही सोय उरत नाही, आणि खड्ड्याचा आघात बैठकीतून सरळ माकडहाडास व कण्यास पोहोचतो. सखल बैठकीमुळे मागच्या शॉक ॲब्सॉर्बरला हालण्यास वावही थोडाच असतो. ताठ छातीवर वारा झेलावा लागतो, तो वेगळाच. हेब्बाळहून कोल्हापूर सुमारे सहाशे किलोमीटर. इतका प्रवास ज्याला एका दमात करायचा आहे, त्याने विकत घेण्यापूर्वी तशी गाडी निदान दोन तास तरी चालवून पाहावी, आणि दर ऐंशी-शंभर किलोमीटरांवर उतरून पाय मोकळे करण्याची शिस्त आधीच मनाशी बांधावी. मागे बसणाऱ्याचा विचार तर याहूनही अगत्याने करावा. कित्येक क्रूझरांची मागची बैठक आखूड असते. ज्या पत्नीला किंवा आईला मागे बसवून आपण नंदीचा सूर्योदय पाहावयास जाणार, तिला दालनात सोबत नेऊन, तिचा अभिप्राय घेऊनच निर्णय करावा.

गैरसमज चौथा : जड गाडी लवकर थांबत नाही, आणि पुढचा ब्रेक दाबला की ती उलटते.

थांबण्याचे अंतर मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर ठरते, आणि वजन वाढले की घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. सुस्थितीतील ब्रेकांची जड गाडी हलक्या गाडीइतक्याच अंतरात थांबू शकते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर सरकतो, म्हणून पुढचा ब्रेक हाच सर्व मोटारसायकलींचा प्रमुख ब्रेक होय. क्रूझरचा गुरुत्वमध्य सखल आणि चाकांतील अंतर दीर्घ असल्याने हा भार कमी सरकतो. त्यामुळे गाडी उलटण्याचा संभव उलट घटतो, आणि मागचा ब्रेकही इतर गाड्यांपेक्षा अधिक कामास येतो. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे चाक जाम होऊन घसरण्याचे भय पुष्कळच ओसरले आहे. ज्याची पहिली गाडी ड्रम ब्रेकची आहे, त्याने मोकळ्या मैदानात दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवीत लावण्याचा सराव करावा. नंदीच्या नागमोडी वळणांवर मात्र क्रूझरची खरी मर्यादा उघड होते : पुढे व खाली बसविलेल्या पायटेकण्या गाडी फार कलवली की रस्त्यास घासू लागतात. म्हणून वेग वळणापूर्वीच कमी करावा, आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा अटकाव घेत यावे.

गैरसमज पाचवा : परवाना आहे, गाडी दमदार आहे, आवाज भारदस्त आहे, मग रस्ता आपलाच.

युरोपात दुचाकींचे परवाने शक्तीनुसार टप्प्याटप्प्याने मिळतात. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलीचा एकच परवाना शंभर सीसीलाही चालतो आणि हजार सीसीलाही. कायद्याने दिलेली ही मुभा कौशल्याचा दाखला नसल्याने, तो दाखला आपला आपणच मिळवावयाचा असतो. सर्व महामार्ग खुले आहेत असेही नाही : १ ऑगस्ट २०२३ पासून बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य पट्ट्यावर दुचाकींना मनाई असून त्यांनी सेवा-रस्त्यानेच जावयाचे आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही त्यांना बंद आहे.

आवाज हा संरक्षक आहे, ही समजूत तर सर्वांत घातक. लॉस एंजेलिसच्या परिसरातील ९०० मोटारसायकल-अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेला हॅरी हर्ट यांचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य अपघातांत धोका चालकाच्या समोरूनच आलेला होता, आणि सायलेन्सरचे तोंड तर मागे असते. मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसविणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, आणि पहाटे पाच वाजता नंदीकडे निघणाऱ्या त्या आवाजाने आजाऱ्यांची व लेकरांची झोप मोडते, हा अपराध कोणत्याही कलमाविनाही कळण्यासारखा आहे. रक्षण करते ते आयएसआय खुणेचे, हनुवटीखाली नीट बांधलेले हेल्मेट; बंगळुरात मागे बसणाऱ्यासही ते २०१६ पासून सक्तीचे आहे.

गैरसमज सहावा : दुसरी गाडी म्हणजे सगळा कागदोपत्री खर्च दुप्पट.

काही खर्च अटळ आहे : १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा त्रयस्थपक्ष विमा एकदम ५ वर्षांचा घ्यावा लागतो. परंतु मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा सक्तीचा अपघात विमा जानेवारी २०१९ पासून स्वतंत्र घेता येतो, आणि तसा एक असला की दुसऱ्या गाडीसाठी पुन्हा घेण्याचे कारण नाही; हे विक्रेत्यास स्पष्ट सांगावे. पहिल्या गाडीवर साठलेली, दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र ती गाडी आपल्याकडे आहे तोवर दुसरीला लावता येत नाही. आणि गावाकडून आणलेली एमएच क्रमांकाची पहिली गाडी जर १२ महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात राहणार असेल, तर कलम ४७ अन्वये तिची येथे नव्याने नोंदणी करणे प्राप्त आहे. दुसरीचा विचार करण्यापूर्वी पहिलीचे दप्तर नीट लावावे, हे बरे.

गैरसमज सातवा : कमी वापरली की गाडी जास्त टिकते.

दुसरी गाडी आठवडेच्या आठवडे आच्छादनाखाली उभी राहते, आणि तिचा ऱ्हास तेथेच सुरू होतो. बॅटरी हळूहळू उतरते, टायरांतील हवा कमी होते, साखळीस गंज धरतो. आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत असलेले इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. जागेवर उभी करून पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवल्याने हेतू साधत नाही, कारण तेवढ्याने ते पुरते तापत नाही आणि आतील ओल उडत नाही. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणणे, हीच तिची निगा. एवढा वेळ काढता येत नसेल, तर त्या गाडीची आपणांस गरज नव्हती असेच समजावे.

या सर्व छाननीचा निष्कर्ष क्रूझरच्या विरुद्ध जात नाही. तो तिला तिची योग्य जागा दाखवून देतो. दुसरी गाडी पहिलीपेक्षा श्रेष्ठ असण्याची आवश्यकता नाही. पहिलीच्या हातून जे घडत नाही, ते तिने करावे. म्हणून ज्याच्या मनात ही इच्छा आहे, त्याने एक साधी वही घ्यावी, आणि पहिल्या गाडीने जो प्रवास करावासा वाटला पण केला नाही, तो प्रत्येक वेळी तारखेसह तीन महिने लिहून ठेवावा. त्या वहीत कचेरीचे मान्यता टेक पार्क, भाजीबाजार आणि मुलांची शाळा एवढेच आढळले, तर पुलाखालच्या त्या कोंडीला स्प्लेंडरच पुरेशी आहे, आणि पैसे बँकेत सुरक्षित आहेत. पण तिथे नंदी, लेपाक्षी, चित्रदुर्ग आणि दिवाळीला कोल्हापूर अशी नावे पुन्हापुन्हा उमटली असतील, तर निःशंक मनाने, शरीराचे व रस्त्याचे माप घेऊन क्रूझर घरी आणावी, आणि त्या वहीतील एकेक नाव पुरे होईल तशी त्यासमोर तारीख घालीत जावी.