“लहानपणी अगदी शहाणं बाळ होतं हो!”

मोठ्या माणसाची ऑटिझमची तपासणी म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे मेंदूचा स्कॅन नाहीतर रक्ताची चाचणी येते. यातलं काहीच नसतं. असते ती एक खोली, दोन खुर्च्या, कागदांचा गठ्ठा आणि फोनच्या पलीकडे, नाशिकला म्हणा नाहीतर इचलकरंजीला, बसलेली एक आई. तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही. कारण निदानाचा नियमच तसा आहे: लक्षणं लहानपणापासूनची हवीत. चाळिशीत ऑफिसात खटके उडायला लागले म्हणून कुणी स्वमग्न ठरत नाही. मात्र २०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकी नियमावलीने हेही मान्य केलंय, की लक्षणं तेव्हा होती, पण माणसाने शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकली गेली, असं होऊ शकतं. आमचं निम्मं काम त्या झाकणाखाली हात घालण्याचं.

गंमत अशी, की आया सुरुवातीला अजिबात उपयोगी पडत नाहीत. “लहानपणी अगदी शहाणं बाळ होतं हो डॉक्टर! कसला म्हणून त्रास नाही.” (मी डॉक्टर नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, हे सांगणं मी सोडून दिलंय.) “एकटा राहायचा का?” असं विचारलं की “छे, छे!” तेव्हा लक्षणांचं नावच काढायचं नाही. “सुटीत दिवसभर काय करायचा?” एवढंच विचारायचं आणि पेन उघडून बसायचं.

अशाच एका काकूंनी सांगितलं, की मुलगा पुण्याच्या पीएमटी बसची तिकिटं गोळा करायचा. तिकिटं काय, त्या काळी सगळीच पोरं जमवायची. पण हा ती नंबरवार जमिनीवर मांडायचा आणि मधला नंबर मिळालेला नसेल तर बरोबर एका तिकिटाएवढी जागा रिकामी सोडायचा. एकदा कामवाल्या बाईंनी केर काढताना रांग मोडली, तर पोरगा रात्री जेवला नाही, झोपलाही नाही. “मग आम्ही त्या खोलीत केर काढणंच बंद केलं. त्यात काय एवढं? आमच्या ह्यांचंही पंचांग कुणी हलवलेलं चालायचं नाही. घराणंच तसं!” आणि वर पुन्हा ठासून, “पण त्रास म्हणाल तर काही नाही!”

काकू खोटं बोलत नव्हत्या. ज्या घरात सगळेच तसे, तिथे वेगळं कोण दिसणार?

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपीतल्या एका वकिलाने आपल्या लहानग्या मुलाविषयी बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांना ३३ पानांचं पत्र लिहिलं होतं. कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ज्या अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातला पहिला हा मुलगा, डोनाल्ड ट्रिप्लेट. पुढे त्याने बँकेत नोकरी केली, भरपूर गोल्फ खेळला, जग पाहिलं आणि २०२३ साली ८९व्या वर्षी तो गेला. तसं ३३ पानी पत्र मला कोण देणार? मला मिळतं ते पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतलं प्रगतिपुस्तक. त्यात वर्गशिक्षिकेचा शेरा: ‘हुशार आहे. मुलांत मिसळत नाही.’ पुढच्या वर्षी बाई वेगळ्या, शेरा तोच. असे दोन-तीन वर्षांचे शेरे ओळीने मिळाले, की मला ३३ पानांचं काम होतं.

प्रश्नावल्यांची तऱ्हा न्यारी. सगळ्यात जास्त फिरते ती सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये तयार केलेली, २००१ सालची, ५० विधानांची. ३२ गुण आले की लोक स्वतःच निकाल लावून मोकळे होतात. खरं तर ती नुसती चाळणी, निदान नव्हे. त्यात एक विधान आहे, म्युझियमपेक्षा नाटकाला जायला आवडेल अशा अर्थाचं. केंब्रिजमध्ये यातून काय निघत असेल ते असो, पुण्यात अडचण होते. एका गृहस्थांनी ‘सहमत-असहमत’च्या चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: ‘कोणतं नाटक? संगीत असेल तर नाही. म्युझियम कोणतं? केळकर की जोशींचं रेल्वेचं? रेल्वेचं असल्यास प्रश्नच मिटला.’ दुसऱ्या विधानापाशी ‘सहसा म्हणजे किती टक्के?’ असं लिहून खाली दुहेरी रेघ. अर्ध्या तासाचा कागद, त्यांनी अख्खी सकाळ घेतली. गुणांची बेरीज काही जमली नाही, पण समास मी दोनदा वाचला.

समोरासमोरच्या चाचणीत काय काय करायला लावतात ते मात्र मी सांगणार नाही, पेपर फुटेल. एवढंच सांगते, की परदेशी संचातली ‘डोळ्याला डोळा’ ही मोजपट्टी आपल्याकडे जपूनच वापरावी लागते. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणं ज्या घरात उद्धटपणा मानला गेला, तिथल्या माणसाने नजर चुकवली म्हणून काय धरायचं?

उलटंही घडतं. एक प्राध्यापिका आल्या. नजर स्थिर, हसू वेळेवर, बोलणं नेटकं. पहिल्या भेटीत मला काही म्हणता काही सापडलं नाही. दुसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून एक छोटी डायरी काढली. लग्न झाल्यापासूनची. एका पानावर ‘हळदीकुंकू’ आणि खाली क्रमाने: ‘१. साडी छान आहे, कुठून घेतली? (किंमत विचारू नये.) २. मुलगी कितवीत? ३. उत्तर लांबल्यास मान हलवणे. ४. वीस मिनिटांनी: निघते, ह्यांची यायची वेळ झाली.’ पुढचं पान ‘भेटायला जाणे (मयत)’. तिथे एकच सूचना होती, ‘कमी बोलणे’, आणि तिच्यापुढे कंसात ‘हे सोपं’. मंगळागौरीच्या पानावर तीन उखाणे होते, आळीपाळीने घ्यायचे, कुठे कोणता घेतला त्याच्या तारखांसह.

“आणि नजर?” मी विचारलं.

“मी तुमच्या भुवयांच्या मधोमध बघतेय. टिकली जरा डावीकडे सरकलीये तुमची.”

स्त्रियांचं निदान उशिरा का होतं, यावर परिसंवाद होतात. मी त्या पानांकडे बोट दाखवीन. इतकी वर्षं सासर, माहेर आणि स्टाफरूम सांभाळलेल्या बाईला कुणी ‘जरा अबोल आहे’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. रोज घरी आल्यावर ती बाथरूममध्ये दिवा न लावता अर्धा तास बसायची, हे नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

‘हो’ सांगणं अवघड, असा लोकांचा समज असतो. ‘नाही’ सांगणं फार कठीण. रील्स बघून-बघून स्वतःची ओळख पटलेला एक तरुण आला होता. लहानपण मित्रांनी भरलेलं, क्रिकेट, गणपतीचा मांडव, सगळं. कॉलेजात रॅगिंग झालं आणि तिथून माणसांची धास्ती बसली. ही धास्ती खरी आहे, तिच्यावर उपचारही आहेत, पण हा ऑटिझम नाही, असं म्हटल्यावर तो रडला. निदान नाकारलं म्हणजे त्रासच नाकारला, असं त्याला वाटलं. त्या दिवशी माझी पुढची अपॉइंटमेंट तासभर लांबली आणि बाहेर ताटकळलेल्या गृहस्थांनी, वेळापत्रक मोडल्याबद्दल, मला लेखी निषेध दिला.

आता प्रमाणपत्राचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. अपंगत्व मोजण्यासाठी सरकारी पट्टी आहे ‘इसा’, ४० मुद्द्यांची, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज ७०ला पोचली की ऑटिझम धरायचा. पट्टी वाईट नाही, पण ती करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मूल होतं. त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे बसलेल्या, अर्धं टक्कल पडलेल्या लेखापालाविषयी विचारलं जातं, की हे एकटेच, तेच ते खेळ खेळतात का? बायको म्हणाली, “खेळत नाहीत. सगळी जुनी रेल्वे टाइमटेबलं वाचतात.” टेबलापलीकडून उत्तर आलं, “वाचन तर चांगली सवय आहे! आणि हे तर छान बोलतायत की.” तोवर कानावर हेडफोन चढवून, टोकनच्या पुकाऱ्यात आणि गर्दीत तीन तास काढलेला हा माणूस त्या छान बोलण्यापायी पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठला नाही.

पुन्हा जायला त्याने साफ नकार दिला. त्याचं मागणं तरी काय होतं? ऑफिसात पॅन्ट्रीच्या मिक्सरपासून लांबची जागा. मी पत्र दिलं. एचआरकडून प्रश्न आला, ‘हे कोणत्या पॉलिसीखाली बसवायचं?’ पत्र पंधरवडाभर फिरत राहिलं. शेवटी त्याने स्वतःच अ‍ॅडमिनच्या पाटीलसाहेबांना मेल टाकली. निदानाचा उल्लेख नाही, विनंतीचा मजकूर एका ओळीचा आणि सोबत एक्सेलचा तक्ता: महिनाभरात मिक्सर कधी-कधी लागला त्या वेळा, दर वेळी किती मिनिटं, आणि मजल्यावरच्या प्रत्येक रिकाम्या टेबलाचं पॅन्ट्रीपासूनचं अंतर, फुटांत. टेबल त्याच संध्याकाळी हललं. पाटीलसाहेबांनी तक्ता ठेवून घेतला, कँटीनच्या कंत्राटदाराला दाखवायला.