आईच्या कानातला आवाज

एका खोलीत पाच वर्षांचा मुलगा आणि त्याची आई ठोकळे मांडून बसलेत. भिंतीला मोठा आरसा. त्यामागे बसलेल्या मानसशास्त्रज्ञाला खोलीतलं सगळं दिसतं आणि त्याचा आवाज आईच्या कानातल्या छोट्या यंत्रातून फक्त तिलाच ऐकू येतो. मुलगा मनोरा रचतोय. आई सवयीनं विचारते, ‘‘हा कुठला रंग?’’ लगेच कानात सूचना येते, ‘‘प्रश्न नको. तो काय करतोय तेवढंच बोला.’’ आई म्हणते, ‘‘निळ्यावर लाल ठेवलास.’’ मुलगा वर बघतो.

एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, असलेल्या मुलाच्या आकांडतांडवावर उपाय म्हणून अशी शिकवणी आईबाबांना लावायची, हे ऐकून अनेक घरांत आधी रागच येतो. ‘म्हणजे चूक आमचीच?’ शेजारीपाजारी ‘लाडावून ठेवलाय’ म्हणतच असतात. राग रास्त आहे, कारण संगोपनामुळे एडीएचडी होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के असल्याचं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ यांच्या गटानं २००७ मध्ये मेंदूची स्कॅन तपासली. मेंदूचा बाह्य थर सर्वाधिक जाड होण्याचं मध्यक वय इतर मुलांत साडेसात, तर या मुलांत साडेदहा निघालं. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता, आणि स्वतःला आवर घालायचं काम मुख्यतः तिथलंच. निदानाच्या निकषांमध्ये भावनांच्या उद्रेकाचा समावेश नाही, तरी यातल्या २५ ते ४५ टक्के मुलांना भावना आवरणं जड जातं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग आईबाबांनी शिकायचं काय? त्याचं उत्तर अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी शोधलं. त्यांचे निरीक्षक लोकांच्या घरी जाऊन बसत. टीव्ही बंद ठेवायचा, सगळ्यांनी दोन खोल्यांतच वावरायचं, आणि कोण काय बोललं, त्यावर समोरच्यानं काय केलं, याची निरीक्षक दर काही सेकंदांनी सांकेतिक नोंद करत. या नोंदींतून एक सापळा उघड झाला. आई म्हणते, टीव्ही बंद कर. मुलगा किंचाळतो. आई थकून म्हणते, ‘‘बघ बाबा, दहा मिनिटं.’’ किंचाळल्यावर हवं ते मिळतं हे मुलगा शिकला. पण शिकली आईही, कारण माघार घेताच घर शांत झालं. दुसऱ्या दिवशी तीच त्याच्याहून मोठ्यानं ओरडते आणि तो गप्प होतो. आता तिला ओरडण्याची सवय लागते. दोघं एकमेकांना नकळत घडवत राहतात. पॅटरसन यांनी १९८२ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आरशाची खोली हा सापळा उलट्या बाजूनं सोडवते. ही पद्धतही ओरेगॉनचीच, १९७० च्या दशकात शीला आयबर्ग यांनी घडवलेली. पहिला टप्पा निव्वळ खेळाचा. पाच मिनिटांत आईला दहा वेळा नेमकं कौतुक करायचं असतं, दहा वेळा मुलाचं बोलणं त्याला परत ऐकवायचं आणि दहा वेळा तो काय करतोय ते सांगायचं असतं. नुसतं ‘शाब्बास’ मोजत नाहीत. ‘ठोकळा हळूच ठेवलास, छान’ असं हवं. प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून तीनच्या आत. करून बघा, पाच मिनिटं फार लांब वाटतात! हे जमल्यावरच दुसरा टप्पा येतो, हुकूम कसा द्यायचा याचा: एका वेळी एक, शांतपणे, ‘करशील का?’ असा प्रश्न न करता. कौतुकही तिथल्या तिथे हवं, कारण लांबच्या बक्षिसाचा या मुलांवर फारसा प्रभाव पडत नाही. वार्षिक परीक्षेनंतरची सायकल त्यांच्यासाठी जवळजवळ नसल्यासारखीच.

सर्वांत अवघड काळ त्यानंतरचा. निरुपद्रवी आरडाओरड्याकडे दुर्लक्ष करायला लागलं की तो अनेकदा आधी वाढतो. अनेक घरं इथेच हार मानतात, आणि विसाव्या मिनिटाला माघार घेतली की मुलगा वीस मिनिटं ओरडायला शिकतो. आई ठाम राहिली आणि आजीनं पदराआडून चॉकलेट दिलं, तरी परिणाम तोच. म्हणून आजीआजोबांनाही या शिकवणीला बसवावं असं माझं मत आहे. मारहाण, फेकाफेक किंवा इजेचा धोका असेल तिथे अर्थातच दुर्लक्ष करायचं नसतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार चार वर्षांपासून सहाव्या वाढदिवसापर्यंतच्या मुलांसाठी औषधाआधी पालक-प्रशिक्षणच. ब्रिटनमध्येही पाचच्या आत तेच. पण अपेक्षा मापात हवी. अभ्यासांत कोणाला प्रशिक्षण मिळालंय हे माहीत नसलेल्या तपासनिसांनी मुलांना जोखलं, तेव्हा अवधान आणि चंचलतेवरचा परिणाम जवळपास दिसेनासा झाला. पालकांच्या वागण्यातला आणि मुलांच्या उद्धटपणातला फरक मात्र टिकला. म्हणजे पेन्सिल रोज हरवेलच, पण त्यावरून रोज रणकंदन होणार नाही.

एक गोष्ट दवाखान्यांत क्वचितच विचारली जाते. आनुवंशिकता एवढी प्रबळ असल्यानं समोर बसलेल्या आईला किंवा बाबांनाही एडीएचडी असू शकतो. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या एडमंड सोनुगा-बार्क यांच्या गटानं तीन वर्षांच्या मुलांच्या आयांना प्रशिक्षण दिलं. ज्या आयांमध्ये स्वतःचीच लक्षणं तीव्र होती, त्यांच्या मुलांत सुधारणा दिसली नाही. तेव्हा मुलाची फाईल उघडण्याआधी डॉक्टरांनी आईबाबांना त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांबद्दल विचारायला हवं.