दोन कागद, दोन तारखा

जेफ्री एपस्टीनच्या प्रकरणातले कागद ढीगभर आहेत. आज आपण त्यातले दोनच शेजारी शेजारी ठेवू. पहिला, सप्टेंबर २००७ चा करार. फ्लोरिडातल्या फेडरल सरकारी वकिलांनी मान्य केलं, की आम्ही खटला भरणार नाही. त्याने राज्याच्या कोर्टात त्यामानाने किरकोळ गुन्हा कबूल करायचा. दुसरा कागद, जानेवारी २००८ चा. एफबीआयने शोषण झालेल्या मुलींना पाठवलेलं पत्र. काय म्हणतं? तपास सुरू आहे, वेळ लागेल, धीर धरा.

आता तारखा बघा. करार होऊन साडेतीन महिने उलटले होते! पत्राची भाषा मात्र अगदी सभ्य, सरकारी. म्हणूनच ती जास्त बोचते.

२००४ च्या कायद्याने पीडितांना सरकारी वकिलांशी बोलण्याचा हक्क दिलाय. त्याच आधारावर दोघींनी ‘जेन डो’ या टोपणनावाने दावा लावला, आणि त्यातून हा पत्रव्यवहार उजेडात आला. २०१९ मध्ये न्यायाधीश केनेथ मारा यांनी सांगितलं, कायदा मोडला गेला. पण २०२१ मध्ये अपील कोर्टाने बहुमताने ठरवलं, की फेडरल खटलाच दाखल झाला नव्हता, तेव्हा या हक्कासाठी स्वतंत्र दावा करता येत नाही.