कुंडीतील सक्युलंट : पाणी दिवस मोजून नव्हे, मुळे ओळखून

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शेजारच्या तीन शहरांतील गॅलऱ्यांमध्ये, खिडक्यांच्या जाळ्यांत आणि गच्च्यांवर तुळस, मोगरा, मनीप्लांट यांच्या जोडीला आता सक्युलंट वर्गातील मांसल झाडेही दिसतात. जेड, एचेव्हेरिया, हॉवर्थिया, अडेनियम, निवडुंगाचे नाना प्रकार आणि आपली जुनी कोरफड ही सारी याच वर्गातील. ही झाडे तळहाताएवढ्या कुंडीत राहतात आणि पहाटेच्या लोकलने घर सोडून रात्री परतणाऱ्या कुटुंबाकडून रोजच्या निगेची अपेक्षा ठेवत नाहीत. तरीही मार्चमध्ये आणलेले टवटवीत रोप ऑगस्टमध्ये हात लावताच देठापासून निखळते, असा अनुभव अनेकांना येतो. दोष पावसाला दिला जातो. वस्तुतः नुकसान कोसळणाऱ्या पाण्याने कमी आणि कुंडीत अडून राहिलेल्या पाण्याने अधिक होते. हा फरक ध्यानात आला, तर यातील बरीच झाडे वाचू शकतात.

मूळ घर आणि इथला पाऊस

बाजारात मिळणारे बहुतेक सक्युलंट परदेशी आहेत. एचेव्हेरियाचे माहेर मेक्सिकोचा डोंगराळ प्रदेश, तर जेड आणि हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतील. अडेनियम पूर्व आफ्रिका व अरबस्तानातून आले. दक्षिण आफ्रिकेतील कारू हा प्रदेश मांसल वनस्पतींचे आगर मानला जातो; त्याच्या मोठ्या भागात वर्षाला तीनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. याउलट ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईत मोसमी पावसाचे सर्वसाधारण आगमन ११ जूनला, तर माघार ८ ऑक्टोबरला होते. म्हणजे सुमारे चार महिने हवा दमट, ऊन तुरळक आणि कुंडीतील माती वाळण्यास प्रतिकूल अशी स्थिती असते.

त्यात या झाडांची जीवनरीतही वेगळी. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या वेळी पाण्याची वाफ गमावतात. अनेक सक्युलंट मात्र दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात, रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसाच्या उजेडात त्यापासून अन्न तयार करतात. या रीतीची एक आरंभीची नोंद भारतातच झाली. बेंजामिन हाइन या निसर्गअभ्यासकाने १८१३ मध्ये लिहिलेल्या पत्रात, आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत ती चव नाहीशी होते, असे निरीक्षण नोंदवले होते. पाण्याची अशी काटकसर करणारे झाड मातीतून फारच थोडे पाणी उचलते. मोगऱ्याच्या कुंडीतील ओल झाड स्वतः संपवते. सक्युलंटच्या कुंडीतील ओल तिथेच राहते.

कड्यावरची झाडे का कुजत नाहीत?

मांसल झाडाला मुसळधार पाऊस सोसतच नाही, असे मात्र नाही. सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर वाढणारा निवडुंग दर वर्षी तोच पाऊस अंगावर घेतो. जुन्नरजवळच्या शिवनेरीच्या कड्यावर आढळणारी शिंदळ माकुडी हे त्याचे नामवंत उदाहरण. फ्रेरिया इंडिका या नावाने प्रसिद्ध झालेली ही वनस्पती महाराष्ट्राखेरीज जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. पावसाळ्यात ती पाने धरते. कोरड्या दिवसांत पाने गाळून मांसल खोडावर निभावून नेते.

हे झाड उभ्या कड्याच्या फटींत मूठभर मातीत रुजते. पाऊस मुळांना भिजवतो आणि पाणी लगेच खाली निघून जाते. मुळे ओली होतात, पण बुडत नाहीत. कुंडीत नेमकी हीच परिस्थिती निर्माण करायची असते.

मुळांनाही श्वास लागतो

मुळांच्या पेशींना जगण्यासाठी प्राणवायू हवा असतो आणि तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या दीर्घकाळ पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळे गुदमरतात. प्रथम पाणी शोषणारी केसासारखी बारीक मुळे मरतात. मेलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युझेरियम यांसारखे रोगकारक सूक्ष्मजीव वाढतात आणि कूज मुळांतून खोडात चढते. वरची पाने साठवलेल्या पाण्यावर काही दिवस तजेलदार दिसत राहतात. त्यामुळे लक्षण दिसते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो.

इथे हमखास घडणारी चूक म्हणजे मुळे कुजलेल्या झाडाला आणखी पाणी घालणे. मुळेच उरली नसल्याने झाडाला पाणी मिळत नाही, पाने सुरकुततात आणि पाहणाऱ्याला ते तहानलेले वाटते. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. पाने सुरकुतलेली आणि माती कोरडी असेल, तर झाडाला पाणी हवे आहे. पाने सुरकुतलेली, पण माती ओली असेल, तर बिघाड मुळांत आहे. पाने पिवळसर, अर्धपारदर्शक होऊन लिबलिबीत झाली असतील, तर पाणी निश्चितच जास्त झाले आहे.

तळाच्या खडीचा गैरसमज

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातला की निचरा होतो, ही समजूत घट्ट रुजलेली आहे. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीत केशाकर्षणाने धरलेले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ते खडीच्या वरच्या सीमेवर अडून राहते. परिणामी ओला पट्टा तळाऐवजी थोडा वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो.

याची प्रचीती घरच्या स्पंजने घेता येते. भिजवलेला स्पंज आडवा धरावा आणि ठिबकणे थांबू द्यावे. मग तोच स्पंज उभा धरला की आणखी पाणी गळते. स्पंज तोच, उंची वाढल्याने खालच्या टोकाला पाण्याचा भार वाढला. म्हणूनच एकाच मातीने भरलेल्या उथळ, पसरट कुंडीत उंच कुंडीपेक्षा ओलीचे प्रमाण अधिक राहते. दिसायला सुरेख असलेल्या बशीवजा कुंडीत भरड मिश्रण वापरणे यासाठीच आवश्यक ठरते. तळाला छिद्र नसलेले काचेचे भांडे किंवा कप मात्र सक्युलंटसाठी टाळणेच बरे. छिद्रावर खापरीचा तुकडा किंवा जाळी ठेवावी. तिचे काम माती अडवण्याचे, निचरा वाढवण्याचे नव्हे.

मिश्रण कसे असावे?

रोपवाटिकेतून आलेली पुष्कळ रोपे कोकोपीटमध्ये असतात. कोकोपीट पाणी दीर्घकाळ धरून ठेवते आणि एकदा पूर्ण वाळले की सहजी भिजत नाही. पावसाळ्यात पहिला गुण घातक, तर उन्हाळ्यात दुसरा. म्हणून नवे रोप पावसाळ्याआधी किंवा पाऊस सरल्यावर कोकोपीटमधून काढून भरड मिश्रणात लावावे.

एक भाग माती व चांगले कुजलेले खत आणि दोन भाग भरड पदार्थ हे प्रमाण कोकणपट्टीच्या हवेला मानवते. भरड पदार्थांत विटांचा चुरा, बारीक खडी, कोळशाचे तुकडे, परलाइट किंवा प्यूमिस चालतात. विटांचा व खडीचा चुरा चाळून त्यातील धूळ काढणे महत्त्वाचे; अन्यथा ती धूळच पोकळ्या बुजवते. बांधकामाची अगदी बारीक वाळूही माती घट्ट करते. खाडीतील वाळूत क्षार असल्याने ती वापरू नये. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी नेहमी वापरले जात असेल, तर मातीवर पांढरा थर जमतो. पावसाचे साठवलेले पाणी अधूनमधून घातल्यास हे क्षार धुऊन जातात.

पाणी केव्हा आणि किती?

‘आठवड्यातून एकदा’ हा नियम सोपा, पण फसवा आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांतील दाटीवाटीच्या गल्लीत ऊन न येणाऱ्या खिडकीतील कुंडी आणि बदलापूरच्या उंच इमारतीतील पश्चिमेकडे उघडी असलेली गॅलरी यांत वाळण्याचा वेग एकसारखा असू शकत नाही. मातीची कुंडी आपल्या भिंतींतूनही पाणी सोडते. प्लास्टिकची सोडत नाही. म्हणून दिवसांऐवजी मातीची स्थिती पाहावी. अगरबत्तीची कोरी काडी तळापर्यंत खोचून काही मिनिटांनी बाहेर काढावी. ती ओलसर निघाली किंवा तिला माती चिकटली, तर थांबावे. कुंडी उचलून तिचे वजन अजमावण्याची सवयही उपयोगी पडते.

पाणी द्यायचे तेव्हा तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत भरपूर द्यावे आणि पुन्हा माती पूर्ण वाळेपर्यंत देऊ नये. रोज चमचाभर पाणी शिंपडल्याने वरचाच थर ओला राहतो आणि मुळे खोल जात नाहीत. एचेव्हेरियासारख्या झाडांच्या पानांच्या मध्यभागी पाणी साचू देऊ नये.

वर्षाचे वेळापत्रक

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा एचेव्हेरिया, हॉवर्थिया आणि जेडसाठी या भागातील सर्वांत सुखाचा काळ. या दिवसांत वाढ चांगली होते आणि माती वाळताच पाणी देता येते. मार्चपासून ऊन चढते. बदलापूर परिसरात उन्हाळ्यात पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो. अशा उष्म्यात ही झाडे वाढ आवरती घेतात. त्यांना दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा आणि पाणी सायंकाळी, माती निवल्यावर घालावे. तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी घातल्यास मुळांना इजा होऊ शकते. अडेनियमचे गणित याच्या उलट आहे. ते उन्हाळ्यात जोमाने वाढते आणि पाणी मागते, तर थंडीत पाने गाळून विसावते. तेव्हा त्याचे पाणी कमी करावे.

जूनच्या आरंभी कुंड्या छपराखाली, पण उजेडाच्या व वाऱ्याच्या जागी हलवाव्यात. पावसाळ्यात सावलीत ठेवलेल्या बहुतेक सक्युलंटना दोन ते तीन आठवडे पाणी न दिले तरी चालते. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नयेत. खत, छाटणी आणि कुंडी बदलणे ही कामे या काळात टाळावीत. ऑक्टोबरच्या उन्हात झाडे बाहेर काढताना ती टप्प्याटप्प्याने काढावीत. चार महिने सावलीत राहिलेली पाने एकाच दिवसात भाजू शकतात.

कुजलेले झाड वाचवताना

संशय आल्यास झाड कुंडीतून काढून माती झटकावी. निरोगी मुळे पांढरट किंवा फिकट तपकिरी व चिवट असतात. कुजलेली काळपट, पोकळ असतात आणि ओढताच त्यांची साल सुटते. स्पिरिटने पुसलेल्या धारदार पात्याने खराब भाग कापावा. खोड कापल्यावर छेदात तपकिरी कडे किंवा ठिपका दिसला, तर स्वच्छ फिकट भाग लागेपर्यंत वर कापत जावे. कापलेले झाड सावलीत, वाऱ्यावर तीन ते पाच दिवस ठेवून जखम सुकू द्यावी. त्यानंतर कोरड्या मिश्रणात लावून आठवडाभराने पहिले पाणी द्यावे. मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके आढळल्यास ते पिठ्या ढेकणाचे लक्षण असते; मुळे धुऊन जुनी माती टाकून द्यावी.

निवडुंगाच्या युफोर्बिया कुळातील प्रकारांचा पांढरा चीक डोळ्यांना अत्यंत अपायकारक असतो आणि अडेनियमचा रस विषारी असतो. ही झाडे कापताना हातमोजे वापरावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

बशीतील पाणी घरालाही बाधक

कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी मुळांना जितके घातक, तितकेच घरातील माणसांनाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अनुकूल हवेत अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या अवस्थेतही काही महिने टिकतात. त्यामुळे बशी नुसती रिकामी न करता आठवड्यातून एकदा घासून धुवावी. पावसाळ्यात ती काढून टाकली तर उत्तमच. झाडाला पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशी पाहावी आणि साचलेले पाणी ओतून द्यावे. एवढ्या एका सवयीने मुळांना मोकळा श्वास मिळतो आणि घरात डासांची एक पैदासही टळते.