‘मला मारलं’ या वाक्यात काय नसते

‘मला मारलं.’ शाळेतून आलेल्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे आणि माहितीच्या दृष्टीने जवळजवळ रिकामे आहे. त्यात कर्ता नाही. कशाने मारले, कुठे मारले, किती वेळा मारले, हेही नाही. मराठीत कर्ता सहज गाळता येतो आणि घाबरलेले मूल तो बहुतेक वेळा गाळतेच. मग या मोकळ्या जागा घरची मंडळी भरू लागतात. आई विचारते, ‘कोणी? गणिताच्या बाईंनी ना?’ आजोबा विचारतात, ‘तू काय केलं होतंस?’ पहिल्या प्रश्नात उत्तर आयते दिलेले असते, दुसऱ्यात निकाल. दोन्ही प्रश्न प्रेमापोटी येतात, पण दोन्हींमुळे मुलाची स्वतःची हकीकत पुसली जाते.

आपल्या बोलीत माराला शब्दांची वाण नाही. चापटी, टपली, धपाटा, रट्टा, बुक्की, थोबाडीत, कानशिलात. हे एकमेकांचे पर्याय नव्हेत. धपाटा पाठीत बसतो. कानशिलात बसलेल्या फटक्याने मात्र कानाचा पडदा फाटू शकतो. म्हणून मूल ‘कानाखाली मारलं’ म्हणाले आणि त्याला कमी ऐकू येत असेल, कानात आवाज येत असेल किंवा कानातून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शाळेशी बोलणे सकाळीही होऊ शकते. वळ उठले असतील तर त्यांची छायाचित्रे लगेच आणि पुढचे दोन-तीन दिवस काढावीत, कारण वळ पुसट होतात आणि त्यांच्या रंगावरून नंतर दिवस नेमका ठरवता येत नाही. मुलाने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून, वहीत उतरवून ठेवावे. विचारायचेच तर ‘मग काय झालं?’ एवढेच विचारावे. मुलाने ‘ढोसलं’ म्हटले असेल तर ‘ढकलून दिले’ असे शुद्ध करू नये. साहित्यप्रेमी घरांत हा मोह जरा जास्तच असतो.

आजोबांच्या प्रश्नामागे एक समजूत आहे: आम्ही छड्या खाल्ल्या, आमचे काय बिघडले? या समजुतीला निदान बडोदेकरांनी तरी थोडे इतिहासातून पाहावे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ पासून सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. मूल शाळेत घालणे ही पालकाची मर्जी न राहता राज्याची आज्ञा झाली, तेव्हाच त्या मुलाच्या अंगाची जबाबदारीही राज्याकडे गेली, असे मला वाटते. ती कायद्याच्या पुस्तकात स्पष्टपणे यायला मात्र शंभरावर वर्षे लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये तिथल्या शाळांच्या नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने देशभर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. आणि छडीविना शाळा ही कल्पना परकी म्हणावी, तर ताराबाई मोडक राजकोटची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर नेमके तेच काम करीत होत्या. नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा आहे.

कायदा असूनही पालक पोलिसांत गेले की पहिला धक्का बसतो. साधी दुखापत हा भारतीय न्याय संहितेत अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस नोंद करतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. बाल न्याय कायदा, २०१५ याचे कलम ७५ अधिक कडक आहे. ज्याच्याकडे मुलाची जबाबदारी आहे त्याने क्रूरता केली, तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीत या कलमाचा उल्लेख आपणहून करावा. शाळेकडे दिलेला अर्ज लेखी असावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी ‘बघून घेतो’ला महिन्यानंतर काही अर्थ उरत नाही. वर्गाच्या दारात जाऊन शिक्षकाची कॉलर धरणारे वडील मुलाला त्या क्षणी शूर वाटतात, पण दुसऱ्या दिवसापासून शाळेकडे चर्चेसाठी वडिलांचा अपराध असतो, शिक्षकाचा राहत नाही.

मारणारा वर्गातलाच मुलगा असेल तर वाट वेगळी. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही. त्याहून मोठ्या पण अठराच्या आतील मुलाचा प्रश्न बाल न्याय मंडळाकडे जातो आणि किरकोळ प्रकरणात पोलीस प्रथम खबर नोंदवत नाहीत. इथे खरा उपाय शाळेतच असतो: बाक बदलणे, मधल्या सुट्टीत देखरेख, दोन्ही घरांशी वेगवेगळे बोलणे. दोघांना समोरासमोर उभे करून ‘सॉरी म्हण’ लावणे हा सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी मार्ग. मार खाल्लेल्या मुलाला त्यात पुन्हा एकदा मारणाऱ्यासमोर उभे राहावे लागते.

स्पर्श लैंगिक असल्याची शंका असेल तर वाट पाहूच नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, मुख्याध्यापकांवरही. ‘आधी आमची समिती चौकशी करील’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणात शाळेच्या आणि पोलिसांच्या दिरंगाईनेच लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुलाला मदत हवी असेल तर १०९८ हा क्रमांक चालतो.

याच कायद्यात महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनी लक्षात ठेवावी अशी एक तरतूद आहे. मुलाचा जबाब ते बोलले तसाच, पालकांसमोर, घरी किंवा मुलाच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो. अधिकारी शक्यतो महिला असावी आणि गणवेशात नसावी. मुलाला न कळणाऱ्या भाषेत मजकूर लिहिला जात असेल, तर दुभाषा द्यावा लागतो. आपली मुले रस्त्यावर गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलतात, पण भीती, लाज आणि शरीराचे अवयव यांचे शब्द अनेकदा आजीच्या मराठीतलेच असतात. ते मूल मराठीत बोलू लागले तर त्याला थांबवून गुजरातीत सांगायला लावू नये. दुभाषा मागावा आणि लिहिलेले वाचून दाखवल्यावरच सही करावी.